जुन्या पासपोर्टची भानगड

१

सोमवारी सकाळी दहा वाजता ज्या बाईनं ढगांत असायला हवं होतं, ती सव्वादहाला माझ्या टेबलासमोर उभी होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मी दिलेलं प्लास्टिकचं पाकीट, आणि चेहरा असा की मी खुर्चीतून उठलेच.

"ताई, मला चढू दिलं नाही," ती म्हणाली. "ट्रान्झिट व्हिसा कुठाय म्हणाले. तुम्ही तर म्हणाला होतात, तुम्हाला लागत नाही!"

या प्रवासी कचेरीत व्हिसाच्या टेबलावर मला एकोणीस वर्षं झाली. मला सगळे ताई म्हणतात, माझ्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा. माझी जीभ जरा तिखट आहे हे मला मान्य आहे, पण नियम मला पाठ असतात. म्हणून ते वाक्य ऐकलं आणि मी समोरची खुर्ची पुढे सरकवली.

या बाईला सगळे सिस्टर म्हणायचे. एकतीस वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं. त्यांची मुलगी दूरदेशी असते. तिचं शुक्रवारी मोठं ऑपरेशन होतं. घरात चार वर्षांची नात, नवरा-बायको वर्षापूर्वीच वेगळे झालेले, तिकडे दुसरं कुणी नाही. आई पोचली तर ऑपरेशन होणार, नाही तर तारीख पुढे जाणार, आणि पुढची तारीख तीन महिन्यांनी. डॉक्टरांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की तीन महिने थांबणं बरं नाही.

"बसा आधी," मी म्हटलं. "पाणी प्या. नियम बदललेला नाही. मी शुक्रवारीच पुन्हा वाचलाय."

"मग मला का परत पाठवलं?"

मी वही पुढ्यात ओढली.

२

ट्रान्झिट व्हिसा म्हणजे काय ते आधी सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. आपल्याला जायचं असतं एका घरी, पण वाट दुसऱ्याच्या अंगणातून असते. काही लोक म्हणतात, जा खुशाल. काही म्हणतात, विमानतळाबाहेर पाऊल नाही टाकलंत तरी अंगणाची परवानगी आधी काढा. सिस्टरांचं विमान ज्या देशात बदलणार होतं, तो या दुसऱ्या जातीचा. परवानगी मिळायला दहा दिवस लागतात.

पण त्यात एक सूट होती. ज्याच्याकडे एका ठरावीक मोठ्या देशाचा चालू व्हिसा आहे, त्याला ही परवानगी लागत नाही. सिस्टर सहा वर्षांपूर्वी त्या मोठ्या देशात बहिणीकडे जाऊन आल्या होत्या. तो व्हिसा दहा वर्षांचा होता, म्हणजे अजून चार वर्षं शिल्लक. फक्त तो होता त्यांच्या जुन्या पासपोर्टात. तो पासपोर्ट मुदत संपून रद्द झालेला, कोपरा कापलेला, वर शिक्का मारलेला. पण पासपोर्ट रद्द झाला म्हणून आतला व्हिसा मरत नाही. नवा आणि जुना दोन्ही दाखवायचे, झालं काम. मुलीच्या देशाचा व्हिसा नव्या पासपोर्टात होता, त्याची अडचणच नव्हती.

"काउंटरवर काय झालं, अगदी पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? मी पाकीट दिलं. त्या मुलीनं बघितलं, संगणकावर काही तरी टाइप केलं, म्हणाली ट्रान्झिट व्हिसा दिसत नाही. मी म्हटलं, मला सूट आहे. ती म्हणाली, कशाच्या जोरावर? मी म्हटलं, सगळं पाकिटात आहे, नीट बघ. तिनं पुन्हा बघितलं, म्हणाली काही नाही. मागे रांग ओरडायला लागली, ताई. मी बॅग उचलली आणि थेट इथे आले."

एवढ्यात आमचे साहेब केबिनमधून बाहेर आले. साहेब म्हणजे कचेरीचे मालक. त्यांना आवाज चढलेला ऐकू येतो, तो का चढला ते कधीच ऐकू येत नाही. "ताई, या वेळी नियम तुम्हीच चुकीचा सांगितलात वाटतं," ते म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तरी खरं सांगते, मनात पाल चुकचुकली. मी त्या देशाच्या चौकशी कक्षाला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, सूट आहे. विमान कंपनीला लावला, तिथला माणूस म्हणाला, सूट होती, आता बहुतेक नाही. पुन्हा पहिल्याच नंबरवर लावला तर या वेळी दुसऱ्याच माणसानं उचलला आणि म्हणाला, ते काउंटरवरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून आहे. तीन फोन, तीन उत्तरं. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी आली.

शेवटी मी स्वतःच पाकीट उघडलं. म्हटलं, त्या मुलीला जे दिसलं ते मला तरी बघू दे.

आत पासपोर्ट एकच होता. नवा.

३

"जुना कुठाय?" मी विचारलं.

सिस्टरांनी पाकिटाकडे बोट दाखवलं. "असेल की त्यातच. तुम्हीच दोन्ही रबर बँड लावून दिले होते."

दिले होते. शनिवारी, याच टेबलावर, दोन पासपोर्ट एकावर एक ठेवून, वर रबर बँडचे दोन वेढे. मी पाकीट टेबलावर उलटं केलं. सगळे कागद पडले, जुना पासपोर्ट पडला नाही. बॅग उघडली, पर्स उघडली, चपलांच्या पिशवीतही हात घातला. नाही.

काउंटरवर राहिला असेल म्हणून मी विमानतळावर फोन केला. ती मुलगी भेटली. बिचारी चांगली होती. "मॅडम, माझ्यासमोर एकच आला," ती म्हणाली. "मला चांगलं आठवतं, कारण रबर बँड काढताना माझं नख मोडलं. तीन वेढे घातले होते हो, घट्ट."

मी फोन ठेवला. मी वेढे घातले होते दोन. दोन पासपोर्टांना दोन वेढे पुरतात. एकालाच बँड घट्ट बसवायचा तर तिसरा घालावा लागतो. म्हणजे पासपोर्ट कुठे पडला नव्हता. कुणी तरी बँड काढला, जुना पासपोर्ट बाजूला केला आणि नव्याला पुन्हा नीट बँड लावून ठेवला.

मी सिस्टरांना हे सांगितलं तर त्या पांढऱ्याफटक पडल्या. "कुणी केलं असेल? आणि का?"

दुसरं विमान बघितलं. बाकी सगळे मार्ग रविवारपर्यंत भरलेले. याच मार्गावर बुधवारी दुपारचं एक विमान होतं, आणि त्यात जागा होत्या. त्यानं गेल्या तर गुरुवारी पोचतील. मी जागा अडवून ठेवली. बुधवारी दुपारपर्यंत जुना पासपोर्ट मिळाला तर शुक्रवारचं ऑपरेशन होणार. नाही मिळाला तर ती जागाही उपयोगाची नव्हती.

"घरी जाऊन शोधते," असं म्हणून सिस्टर उठल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. "मी घरी नाही जाऊ शकत."

"का?"

"घरी हे आहेत."

४

"हे" म्हणजे त्यांचे यजमान, काका. काकांची गेल्या वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि सिस्टरांनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं पाळलं होतं. मुलीच्या ऑपरेशनबद्दल काकांना अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. नातीच्या शाळेला सुट्टी आहे, तिच्या सोबतीला जाते, एवढंच सांगितलं होतं. तीन आठवडे सगळं घर हे नाटक करत होतं. मुलगी फोनवर हसून बोलायची, मग आईला वेगळा फोन करून रडायची.

मला ते माहीत होतं. पहिल्यांदा दोघं माझ्याकडे आले होते तेव्हा सिस्टरांनी काकांना "तुम्ही जरा तिकडे पंख्याखाली बसा" म्हणून लांब बसवलं आणि मग मला इस्पितळाचं पत्र दाखवलं. जुन्या पासपोर्टाचं महत्त्व मी सांगितलं तेही त्यांना एकटीलाच. काका मुकाट्यानं पंख्याखाली बसले होते. एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी तेहेतीस वर्षं काढली, असं सिस्टर म्हणाल्या होत्या.

"आता मला दारात बघितलं तर ते विचारतील का परत आलीस," सिस्टर म्हणाल्या. "मला खोटं बोलता येत नाही हो समोरासमोर. सगळं बाहेर पडेल. त्यांना काही झालं तर मी कुणाकुणाला बघू?"

त्या भावाकडे राहायला गेल्या. काकांच्या लेखी त्या विमानात होत्या. आणि शोध लावायचं काम पडलं माझ्या गळ्यात. व्हिसाच्या टेबलावरची बाई मी, माझा आणि गुप्तहेरगिरीचा संबंध काय! पण नियम मी सांगितला होता, पाकीट मी भरलं होतं. आणि त्या चार वर्षांच्या पोरीचा फोटो सिस्टरांनी मला दाखवला होता, तो डोळ्यांपुढून जाईना.

शनिवार दुपार ते सोमवार सकाळ पाकिटाला तीन माणसांचे हात लागले होते. पहिला आमच्याच कचेरीतला.

५

आमच्या तिकिटांच्या टेबलावर जो बसतो, त्याला आम्ही एक्स्प्रेस म्हणतो. कामात झपाटा, चुकाही त्याच वेगानं. सिस्टरांचं तिकीट आधी मंगळवारचं होतं, मग ऑपरेशनची तारीख अलीकडे आली म्हणून सोमवारचं केलं. शनिवारी नवं तिकीट छापून पाकिटात घातलं ते यानं.

"जुना पासपोर्ट तू बाहेर काढलास?"

"नाही हो ताई."

"मग त्या खणाला कुलूप का?"

तो लालबुंद झाला. मला वाटलं, सापडला चोर! मी हात पुढे केला, त्यानं मुकाट्यानं किल्ली दिली. खणात होता त्याचा नोकरीचा अर्ज, आमच्या समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या प्रवासी कचेरीसाठी. "साहेबांना सांगू नका," तो काकुळतीला येऊन म्हणाला. मी खण ढकलून बंद केला. साहेबांना सोडून जावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही, मी तर दर महिन्याला मनातल्या मनात जाते.

दुसरे सिस्टरांचे भाऊ, मामा. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. शनिवारी संध्याकाळी पाकीट तासभर स्टुडिओत होतं, जादा फोटो काढायला. मामा स्पष्टवक्ते. "मला हे जाणं पसंत नव्हतं, मी तोंडावर सांगितलं," ते म्हणाले. "पासष्टीची बाई, एकटी, मध्ये विमान बदलायचं. पण भाचीचं ऑपरेशन आहे हो! मी माझ्या बहिणीचा पासपोर्ट लपवीन? त्यापेक्षा मीच नसतो का गेलो, मला व्हिसा मिळाला असता तर?" मी विषय वाढवला नाही.

तिसरी सून. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. सून शाळेत शिकवते आणि सासू-सासऱ्यांजवळ राहते. रविवारी बॅग तिनं भरली होती. मी तिला शाळेच्या मधल्या सुट्टीत फाटकापाशी गाठलं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्या मनात आलं होतं," ती म्हणाली. "आई गेल्या नाहीत तर बरं, असं. बाबांना रात्री-बेरात्री काही झालं तर मी एकटी काय करू? मला नाडीसुद्धा नीट बघता येत नाही. पण ताई, मनात आलं म्हणजे हात लावला असं नाही. पाकीट मी उघडलंसुद्धा नाही. आईंनीच सगळं छान लावून ठेवलं होतं."

"छान म्हणजे?"

"म्हणजे कागद ओळीनं. पेन्सिलीनं नंबर घालून. पाकीट पारदर्शक आहे ना, वरूनच दिसत होतं."

मी कचेरीत येऊन सिस्टरांना मामांकडे फोन लावला. "पाकिटातल्या कागदांवर नंबर तुम्ही घातलेत?"

"छे! सुनेनं घातले असतील. मास्तरीण आहे ती."

माझं डोकं गरगरायला लागलं. सून म्हणते सासूनं घातले, सासू म्हणते सुनेनं. मी तर नाहीच घातले. माझ्या फायली बघून लोक हात जोडतात.

६

मंगळवारी सकाळी मी लवकर आले आणि सगळे कागद टेबलावर मांडले. शनिवारी मी काय काय भरलं होतं त्याची यादी केली आणि समोरच्या कागदांशी ताडून बघितली.

आता खरा घोळ झाला. जुना पासपोर्ट तर नव्हताच, पण आणखी दोन गोष्टी नव्हत्या. मंगळवारचं, म्हणजे बदललेलं, पहिलं तिकीट. आणि त्याच्याबरोबर निघालेली प्रवास विम्याची पहिली प्रत. मी दोन्ही पाकिटाच्या तळाशी ठेवली होती. मला काही टाकवत नाही, असू दे, लागलं तर म्हणून ठेवते.

एखाद्याला सिस्टरांना अडवायचं आहे तर तो पासपोर्ट घेईल. पण शिळं तिकीट कोण चोरेल? त्याची तर पुडीसुद्धा बांधता येत नाही. आणि अडवायचंच होतं तर नवाच पासपोर्ट का नाही घेतला? जो जुन्याचं महत्त्व जाणतो, तो इतका नीट नियम जाणणारा माणूस असणार. आणि त्या तिघांपैकी कुणालाच नियम कळत नव्हता, एक्स्प्रेसला तर मुळीच नाही. मी साप साप म्हणून भुई धोपटत होते.

एवढ्यात साहेब आले. माझ्या टेबलावरचा ढीग बघून नेहमीसारखे करवादले. "ताई, रद्द झालेले कागद फाइलमध्ये कशाला ठेवता? काढून टाकत जा!"

मी तोंड उघडलं, उलट उत्तर द्यायला, आणि ते तसंच उघडं राहिलं.

जुना पासपोर्ट रद्द झालेला. पहिलं तिकीट रद्द झालेलं. पहिला विमाही रद्द झालेला. पाकिटातून जे जे रद्द ते ते गेलं होतं, आणि जे जे चालू ते ते ओळीनं, नंबर घालून, नीट बँड लावून ठेवलेलं होतं. हे अडवणाऱ्याचं काम नव्हतं. हे मदत करणाऱ्याचं काम होतं. कापलेल्या कोपऱ्याचा, शिक्का मारलेला पासपोर्ट बायकोजवळ सापडला तर तिला उगाच कुणी अडवायचं, असं वाटणाऱ्याचं. ज्यानं उभा जन्म चालू कागद एका कपाटात आणि बंद कागद दुसऱ्या कपाटात ठेवण्यात घालवला, त्याचं. आणि जुन्यात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण ते सांगताना आम्ही त्याला पंख्याखाली बसवलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कालपासून मी तिघांना विचारत हिंडत होते, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला विचारायचंच नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

सगळे कागद पाकिटात कोंबून मी मामांच्या घरी धावले. सिस्टर फोन कानाला लावून खिडकीशी उभ्या होत्या. पलीकडे काका होते, हे मला त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं.

"हो हो, पोचले. आत्ताच. अहो, प्रवास मस्त झाला. छान ऊन पडलंय इथे... हो, घेते काळजी. ठेवू?" त्यांनी फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला.

"सिस्टर," मी म्हटलं, "तिकडे आत्ता किती वाजले असतील?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर काही तरी मोजलं आणि तोंडावर हात ठेवला. मुलीच्या देशात तेव्हा पहाटेचा काळोख होता.

७

"आता मला काकांकडे जाऊ द्या," मी म्हटलं. "पासपोर्ट त्यांच्याकडे आहे."

मी माझा तर्क सांगितला. मामांनी कपाळाला हात लावला. पण सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "नाही. तुम्ही गेलात तर का आलात ते सांगावं लागेल. मग ऑपरेशनचं कळेल. एकतीस वर्षं मी माणसं बघितलीत ताई, एका वाक्यानं माणूस जातो. मला मुलगी हवी आहे तसे तेही हवे आहेत."

मी टेबलावर ते कागद पुन्हा पसरले, नुसतीच बघत बसले. एक नंबर नव्या पासपोर्टच्या प्रतीवर. दोन तिकिटावर. तीन विम्यावर. चार मुलीच्या बोलावण्याच्या पत्रावर. मग तोंड नुसतं दुमडलेला एक लिफाफा होता, त्यावर काहीच नव्हतं. मी तो उघडला. आत इस्पितळाचं पत्र, रुग्णाचं नाव, ऑपरेशनचं नाव, शुक्रवारची तारीख. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, पाच.

मी पत्र सिस्टरांपुढे धरलं. त्यांना लगेच कळलं नाही. मग त्यांनी त्या पाचावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिल्या.

"म्हणजे रविवारपासून यांना ठाऊक होतं?" त्या म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी तर त्यांनी माझ्या चपलांना पॉलिश केलं. मला म्हणाले, नातीला माझे आशीर्वाद सांग. बाकी काही बोलले नाहीत हो." आणि त्या दारातून बाजूला झाल्या. "बाई गं, यांनी एकट्यानं हे पोटात ठेवलं."

मी रिक्षा केली. काकांच्या दाराची घंटी वाजवायला हात उचलला तोच दार उघडलं. काका पायात बूट घालून, छातीशी एक फाइल धरून उभे होते.

"मी तुमच्याकडेच निघालो होतो," ते म्हणाले. "ती कुठे आहे?"

"मामांकडे. बऱ्या आहेत. तुम्ही बसा आधी."

"ऊन पडलंय म्हणाली. मी भिंतीवरच्या घड्याळाशेजारी तिकडच्या वेळेचं घड्याळ लावलंय, लेक गेली त्या दिवसापासून. तिकडे अजून उजाडलेलंही नव्हतं. म्हणजे ही गेलीच नाही. का गेली नाही याचा विचार केला, तर बाहेर काढलेली एकच गोष्ट महत्त्वाची असू शकते असं वाटलं." त्यांनी फाइल उघडली. वर सुबक अक्षरात 'रद्द' लिहिलेलं, आत पहिलं तिकीट, पहिला विमा, आणि कोपरा कापलेला जुना पासपोर्ट. "मीच घात केला ना?"

"घात आम्ही केला," मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं आणि मला ते आवडत नाही. "आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. पण काका, तुम्हाला कळलं होतं तर तुम्ही का नाही बोललात?"

"मला कळलंय हे तिला कळलं असतं तर ती गेली नसती," ते म्हणाले. "माझी नाडी धरून इथेच बसली असती. लेकीला तिची जास्त गरज होती. म्हटलं, मला काही ठाऊक नाही असं समजून ती निवांत जाऊ दे. तीन आठवडे माझ्यासाठी एवढं सांभाळलं सगळ्यांनी, मला दोन दिवस नाही का जमणार?"

८

बुधवारी विमानतळावर आम्ही सगळे गेलो, काकाही. काउंटरवर तीच मुलगी होती, मोडलेल्या नखाची. तिनं नवा पासपोर्ट बघितला, जुना उघडला, मोठ्या देशाच्या व्हिसावर बोट फिरवलं, संगणकावर टाइप केलं. मला एकोणीस वर्षांत कधी वाटली नव्हती एवढी भीती त्या अर्ध्या मिनिटात वाटली. मग तिनं दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास छापून पुढे सरकवले.

सिस्टर काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काकांचं मनगट धरलं, घड्याळ बघून नाडी मोजली, आणि मग ते मनगट सोडायचं त्यांना जमेना. "जा," काका म्हणाले. "ती वाट बघतेय." गुरुवारी त्या पोचल्याचा फोन आला. या वेळी तिकडचं ऊन खरं होतं.

शुक्रवारी दुपारी काका माझ्या कचेरीत आले. सून शाळेत, घरात बसवेना म्हणाले. मी त्यांना माझ्या टेबलाशेजारीच खुर्ची दिली. तासाभरानं त्यांचा फोन वाजला. मुलगी होती. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा वडिलांशी खरं बोलत होती, आणि ती इतक्या मोठ्यानं रडत होती की मलाही ऐकू येत होतं.

"बाबा, मला आत नेतायत. मला खूप भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय गं," काका म्हणाले. "सांग सगळं. मी ऐकतोय."

ते बराच वेळ नुसतं "हं, हं" म्हणत राहिले. मग फोन बंद झाला. पुढचे साडेचार तास ते त्या खुर्चीतून हलले नाहीत. एक्स्प्रेसनं दोनदा चहा आणला, दोनदा गार झाला. साहेबांनीसुद्धा केबिनचं दार उघडं ठेवलं.

फोन वाजला तेव्हा काकांना तो धरता येईना, म्हणून मी धरून त्यांच्या कानाला लावला. सिस्टर होत्या. नीट झालं होतं. लेक शुद्धीवर आली होती.

काकांनी मान हलवली आणि ते एकदम हुंदके देऊन रडायला लागले, भरल्या कचेरीत, गिऱ्हाइकांसमोर. त्यांचा हात छातीवर गेला तशी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"काका! छातीत दुखतंय का? गाडी बोलावू?"

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नाही हो ताई," ते म्हणाले, "दुखत नाही. रविवारपासून रडायचं राहिलं होतं."